राजवाडा ‘उरकू’ नका

महोदय,

शाळांच्या सहलींचा हंगाम तोंडावर आला आहे. कोल्हापुरात येणाऱ्या सहलीचा बेत ठरलेला असतो: अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि मधे कुठेतरी अर्ध्या तासात नवा राजवाडा, म्हणजे छत्रपती घराण्याच्या वाड्यातलं संग्रहालय. मुलं पेंढा भरलेले वाघ बघतात, चिवडा खातात आणि बसमध्ये बसतात. ज्या वास्तूत ती उभी असतात, ती बघायचीच राहते.

शिक्षकांनी निदान दीड तास हाती ठेवावा. आत शिरण्याआधी समोर जरा लांब उभं राहून बघावं. घडीव काळा दगड, गुजरात-राजस्थानच्या धाटणीच्या कमानी आणि छत्र्या, मधोमध विलायती थाटाचा घड्याळाचा मनोरा. बांधकाम १८७७ ते १८८४ या काळातलं, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. मँट १८८१ सालीच वारले, पुरी झालेली वास्तू त्यांना दिसलीच नाही. (सीपीआर रुग्णालयासमोरचा टाऊन हॉलही त्यांचाच.)

दरबार हॉल मात्र उन्हं असतानाच गाठावा. तिथल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत आणि बाहेरून उजेड आला तरच त्या काचा बोलतात. दिवेलागणीला बस आणली तर आतून नुसती काळपट तावदानं दिसतील.

आत फोटोला बंदी का, यावरून दारातच हुज्जत चालते. खरं तर एका फ्लॅशने फारसं बिघडत नाही. पण फोटोसाठी लोक दालनात खोळंबतात, मागे सरताना काचपेटीवर रेलतात. कापडाचं नुकसान करतो तो वर्षानुवर्षं पडणारा उजेड. जुन्या जरीच्या पोशाखांवर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त प्रकाश नसावा असा संकेत आहे, कारण उडालेला रंग पुन्हा येत नाही. अशा वस्तू ठेवलेल्या दालनात अंधुक वाटलं तर दिवे लावा म्हणून ओरडू नये. डोळे पाचेक मिनिटांत सरावतात.

हात लावू नका, हे मुलांना कारणासकट सांगावं. घामात मीठ असतं. तलवारीच्या पात्यावर उमटलेला अंगठा काही आठवड्यांनी गंजाच्या रूपात जसाच्या तसा दिसू लागतो. पेंढा भरलेल्या जनावरांचं कातडं पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कानामागे आणि ओठांच्या कडेला ते आधी फाटतं. त्यात कुणी शेपूट ओढली की संपलंच.

आणि संग्रहालय फक्त तळमजल्यावर आहे. वर छत्रपती घराण्याचं राहतं घर आहे, तेव्हा बंद दारं ढकलून बघू नयेत. एका वेळी वीस-पंचवीसच मुलं आत न्यावीत, बाकीच्यांनी तोवर आवारातली हरणं बघावीत.

— काही वाचक, कोल्हापूर