गर्भलिंगाची जाहिरात राहिली, कायद्याचा प्रश्न गेला

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: मराठी प्रश्नांच्या छाननीतील गोंधळ व काढलेले उत्तर परत ठेवण्याबाबत

महोदय,

मी आपल्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचा वर्गणी भरणारा सभासद आहे. कायदा आणि जमीन या विषयांवरच्या मराठी प्रश्नांना उत्तरं देतो.

‘गर्भलिंग तपासणी करणाऱ्या सोनोग्राफी सेंटरची तक्रार कुठे करायची?’ असं एका बाईंनी विचारलं होतं. मी लिहिलं, की 1994 च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याप्रमाणे समुचित प्राधिकाऱ्याकडे. म्हणजे जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिका हद्दीत पालिकेचे आरोग्य अधिकारी. दुसऱ्या दिवशी प्रश्न आणि उत्तर दोन्ही गायब. कारण दिलं, ‘अनुचित मजकूर’. त्याच आठवड्यातला ‘पाचवा महिना लागलाय, मुलगा की मुलगी कुठे सांगतात?’ हा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे. त्याखाली कुणीतरी ‘करून मिळेल, इनबॉक्समध्ये या’ असंही लिहून ठेवलंय. मी रिपोर्ट केल्यावर आपल्याकडून उत्तर आलं, की यात धोरणाचा भंग होत नाही.

आपली छाननी फक्त शब्द बघते, असा माझा अंदाज आहे. पहिल्या प्रश्नात ‘गर्भलिंग’ होतं, दुसऱ्यात नव्हतं. ज्याला बेकायदा काम करायचंय तो कायद्यातला शब्द कशाला वापरेल? अशा तपासणीची जाहिरात, इंटरनेटवरचीसुद्धा, त्याच कायद्याच्या कलम 22 खाली गुन्हा आहे: 3 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. याच कलमावरून सर्च इंजिन कंपन्यांना सर्वोच्च न्यायालयात उभं राहावं लागलं होतं, त्याचा निकाल 2017 चा आहे. आपल्या कायदा विभागाला हे ठाऊक नसेल असं वाटत नाही. मराठी वाचणारं माणूस तिथे बसलेलं नाही, एवढाच अर्थ मी काढतो.

दुसरा मुद्दा उत्तर देता न येणाऱ्या प्रश्नांचा. ‘आजोबांची जमीन काकांच्या नावावर कशी लागली?’ असं एका नव्या सभासदाने विचारलं. कागद बघितल्याशिवाय याचं उत्तर कुणीच देऊ शकणार नाही, हे खरं. पण फेरफार उतारा, म्हणजे जमिनीच्या नावातल्या बदलाच्या नोंदीची नक्कल, काढा, नोंद वारसाची आहे, वाटणीची की बक्षीसपत्राची ते बघा आणि मग विचारा, एवढं सांगितलं असतं तर तोच प्रश्न कामाचा झाला असता. आपण त्यावरही ‘अनुचित’चा शिक्का मारलात आणि त्याचं खातं आठवडाभर बंद ठेवलंत. अपुरा प्रश्न विचारणारा आणि गिऱ्हाईक शोधणारा दलाल यांना एकाच माळेत ओवायचं? ‘माझं लग्न कधी होईल’ छापाचे प्रश्न खुशाल बंद करा, पण ‘उत्तर देता येणार नाही’ असं कारण लिहून.

माझं उत्तर मूळ प्रश्नासह परत ठेवावं. ती जाहिरात तात्काळ काढावी, पण तपासासाठी तिची नोंद जपून ठेवावी. ‘माहिती अपुरी’ हे कारण वेगळं असावं आणि त्यासाठी खातं बंद करू नये. मराठी मजकुरावरचा शेवटचा निर्णय मराठी वाचता येणाऱ्या माणसाने घ्यावा.

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला हवी. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे यंत्राचं उत्तर मी पोच धरणार नाही. आपला निर्णय पटला नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाईन. जाहिरातीचा स्क्रीनशॉट समुचित प्राधिकाऱ्यांकडे आजच पाठवला आहे.

आपला,
एक वर्गणीदार

सोबत: दोन्ही प्रश्नांचे स्क्रीनशॉट, आपल्याकडून आलेलं उत्तर