गर्भारपणातील वजनाचा तक्ता नेमका कोणाचा?

महोदय,

गर्भारपणात वजन वाढले की 'हार्मोन्समुळे' म्हणून विषय संपवला जातो आणि किती वाढावे असे विचारले की 'दहा-बारा किलो' हे ठरलेले उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत.

एक उदाहरण घ्या. उंची १५५ सेंटीमीटर, दिवस जाण्यापूर्वीचे वजन ५८ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २४.१. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या तक्त्यात ही स्त्री सामान्य गटात बसते. तिचे वजन ११.५ ते १६ किलोने वाढावे. जपानच्या २०२१ च्या शिफारशीतही ती सामान्यच, पण वाढ १० ते १३ किलो. चीनमध्ये त्याच वर्षी ठरलेल्या मानकात २४ पासून अतिवजन सुरू होते, त्यामुळे तिला ७ ते ११ किलो. बाई तीच, काटाही तोच.

याचे मूळ असे की बीएमआय चरबी मोजत नाही. तेवढ्याच बीएमआयला दक्षिण आशियाई शरीरात युरोपीय शरीरापेक्षा चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ आणि २७.५ हे जोखमीचे टप्पे सुचवले. अमेरिकी तक्ता अतिवजनासाठी २५ वरच अडून आहे. वंशानुसार आकडे बदलण्याइतका पुरावा नाही, असे तो तक्ता करणाऱ्या अमेरिकी समितीनेच म्हटले होते. तरीही तो जगभर जसाच्या तसा वापरला जातो.

आता हार्मोन्स. वारेतून स्रवणारे प्लॅसेंटल लॅक्टोजेन हे हार्मोन आठवड्यागणिक चढत जाते आणि आईच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा होतात. साखर बाळासाठी शिल्लक राहावी, अशी ही सोय आहे. शेवटच्या तिमाहीपर्यंत इन्सुलिनचा प्रभाव जवळपास निम्म्यावर येतो आणि स्वादुपिंडाला दुप्पट राबावे लागते. जिच्या शरीरात इन्सुलिनला विरोध आधीपासूनच आहे, तिच्या स्वादुपिंडाला ही ओढाताण झेपत नाही. दक्षिण आशियाई स्त्रियांमध्ये गर्भारपणातला मधुमेह कमी वजनावरच दिसतो, तो यामुळे. २४ ते २८ आठवड्यांतली ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी 'मी तर बारीकच आहे' म्हणून टाळू नये. रक्तातली साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० किंवा दोन तासांनी १५३, यांपैकी एक आकडा गाठला तरी निदान होते.

वाढलेले सगळे वजन चरबीचे नसते. साडेबारा किलो वाढ धरली तर चरबी तीन-साडेतीन किलो. उरलेले बाळ, वार, गर्भजल, गर्भाशय, स्तन, वाढलेले रक्त आणि इस्ट्रोजेन-अल्डोस्टेरोन या हार्मोन्समुळे साठलेले पाणी. भूक आवरणारे लेप्टिन हे हार्मोन दुपटी-तिपटीने वाढूनही भूक मरत नाही, कारण मेंदू त्याचे ऐकेनासा होतो. तेव्हा भूक लागणे हा हावरटपणा नव्हे.

मात्र मर्यादा खाली ओढण्यातही धोका आहे. जपानने २००६ मध्ये सामान्य वजनाच्या स्त्रियांना ७ ते १२ आणि कृश स्त्रियांना ९ ते १२ किलो सांगितले होते. तिथे कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या वर रेंगाळत राहिले आणि २०२१ मध्ये हे आकडे वाढवावे लागले. १८.५ खालच्या बीएमआयची स्त्री सगळ्यांच्या नजरेतून निसटते, आमच्या मते तीच आधी पाहायला हवी. अमेरिकी तक्त्यात तिला १२.५ ते १८ किलो आहेत.

वजन नेहमी एकाच काट्यावर, सकाळी, लघवी करून, हलक्या कपड्यांत घ्यावे. आधीचे वजन माहीत नसेल तर बाराव्या आठवड्याच्या आतले पहिले वजन आधार धरावे. पहिल्या तिमाहीत अर्धा ते दोन किलो वाढ पुरेशी. उलट्यांमुळे थोडे घटलेही, तरी बहुधा भरून निघते. पुढे सामान्य गटात अमेरिकी तक्त्यानुसार आठवड्याला सुमारे ४०० ग्रॅम. विसाव्या आठवड्यानंतर एकाच आठवड्यात किलोहून जास्त वाढ झाली आणि सोबत चेहरा-हात सुजले, डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे चमकू लागले, तर जेवण कमी करत बसू नये. ते पाणी असू शकते. त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे.

आपल्या आरोग्य पुरवणीत असा तक्ता छापाल तेव्हा तो कोणत्या देशाचा, कोणत्या वर्षीचा आणि अतिवजन कितीपासून धरणारा, एवढ्या तीन गोष्टी त्याखाली जरूर द्याव्यात.

— प्रसूतिशास्त्र आणि आहारशास्त्रातील काही व्यावसायिक