चि. सोनूस, शुक्रवारच्या फोननंतर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "काखेजवळ एक गाठ लागते आहे, दुखत नाही, प्रबंध देऊन झाला की दाखवते," आणि लगेच बाबांच्या गुडघ्याची चौकशी केलीस. त्या गाठीविषयी मी काही लिहिणार नव्हते. इंग्लंडातल्या लीड्ससारख्या परक्या शहरात तू एकटीने बस्तान बसवले आहेस, तुझे तुला कळते. तरी चार दिवस मी शाळेच्या जुन्या वह्या काढून बसले आहे.

दहावीला इंग्रजी म्हणी शिकवताना 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन', म्हणजे वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो, ही मी सर्वांत आधी घेत असे. टॉमस फुलरच्या १७३२ सालच्या संग्रहात ती आहे, आणि 'टाइम'-'नाइन' असा नाद जुळत असल्यामुळे मुलांच्या तोंडी ती पटकन बसे. 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स', म्हणजे ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, ही मात्र मी नीट शिकवली नाही असे आता वाटते, कारण आपल्याकडे उन्हाला तोटा नाही आणि त्यामुळे तिच्यातली घाई मुलांपर्यंत कधी पोचलीच नाही. मागच्या जूनमध्ये तू यॉर्कशरच्या शेतांचा फोटो पाठवलास, त्यात रात्रीचे नऊ वाजून गेले तरी उजेड होता, मागे ढग दाटले होते आणि शेतकरी अजून ट्रॅक्टर चालवत होता. तेव्हा मला ती म्हण कळली. कापलेले गवत शेतातच पसरून, उलथून वाळवावे लागते, त्यासाठी सलग काही कोरडे दिवस हाती लागावे लागतात, आणि तेच ओलसर असताना रचून ठेवले तर आतल्या आत तापते, प्रसंगी पेटतेही. बाहेरून काही दिसत नाही. दुखत नाही म्हणून थांबू नकोस, सोनू.

पुन्हा वर्गात उभी राहिल्यासारखे बोलले, रागावू नकोस. तुला आळशी म्हणण्याचा माझा हेतू नाही. रिकाम्या हातांना सैतान काम शोधून देतो, असे आयझॅक वॉट्सने १७१५ साली मुलांच्या कवितेत लिहिले; तुझे हात रिकामे कधी होते? प्रबंधापर्यंत आपल्या घरातले कोणी पोचले नव्हते, आणि बाबा ही गोष्ट दूधवाल्यालाही सांगतात. पण 'ट्विडल युअर थम्ब्स', म्हणजे बोटे गुंतवून अंगठे एकमेकांभोवती फिरवत बसणे, हा वाक्प्रचार आळसासाठी शिकवताना मला दर वर्षी तू आठवायचीस. दवाखान्यात बापूंना आत नेले होते तेव्हा सात वर्षांची तू बाकावर तशीच अंगठे फिरवत बसली होतीस, आणि मी हात धरला तेव्हा तुझे तळवे गार होते. माणूस भीतीनेही चालढकल करतो, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नाही. तू कामाच्या आड भीती झाकते आहेस, असे मला वाटते.

मावशीनेही तेच केले. आधी धाकटीचे लग्न, मग भातकापणी, मग दिवाळी. तिच्याइतकी झपाट्याची बाई आपल्या घरात झाली नाही. तुझ्या परकराचा काठ तिने टाचून ठेवला होता. तो अजून निळ्या पेटीत आहे, टाचण्या गंजून काठावर तांबूस ठिपके पडले आहेत. बैल गेला नि झोपा केला, असे तेव्हा सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. पण मी तर तिच्या शेजारीच झोपत होते, मी तिला एकदाही हाताला धरून नेले नाही.

हे तुला घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, असे इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. मी तुझे नाव न घेता विचारले. आणि दाखवल्याशिवाय ते ठरत नाही, असेही त्या म्हणाल्या.

टपालाला दिवस लागतील म्हणून पत्राचा फोटो पाठवते. सकाळी आठला लगेच फोन लावला तरच तुमच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, त्या दिवशीची वेळ मिळते, असे तूच मागे सांगितले होतेस. सोमवारी तुझे आठ वाजतील तेव्हा इथे साडेबारा झालेले असतील, आणि मी फोनजवळ बसलेली असेन. वेळ मिळाली, एवढेच कळव.

तुझी,
आई