अंदमानला तुमचे तुम्ही जाताना

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. न.

दादाने पाठवलेलं टूरचं पत्रक मी बारकाईने वाचलं. पाच रात्रींत तीन बेटं, त्यात एका पहाटे तीनला उठून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. निम्मा वेळ बसमध्ये आणि उरलेला लोकांची वाट बघण्यात जाईल. त्यापेक्षा दोन सॅक पाठीला लावून तुमचे तुम्ही जा. पैसे कमी लागतील, हे खरंच. पण मुख्य म्हणजे पाय दुखले तर एखादा दिवस नुसतं बसून काढता येईल.

फेब्रुवारी पक्का करा. मेच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोचतो. ऑक्टोबरपासून परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं असतात, आणि वादळाचा इशारा आला की बोटी बंद. जानेवारी ते मार्च समुद्र त्यातल्या त्यात शांत. मुक्कामाचा क्रम असा ठेवा: पोर्ट ब्लेअर दोन रात्री, हॅवलॉक तीन, नील दोन, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र काटकसरीच्या नावाखाली कापू नका, बाबा. ज्या दिवशी विमान, त्या दिवशी बोट नाही. बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण चुकलेल्या विमानाचे कोणी देत नाही.

नावांचा घोळ आधीच सांगते. पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक, नील आणि रॉस यांची 2018 मध्येच अनुक्रमे स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप अशी नावं झाली. तिकिटावर नवं नाव दिसेल आणि रिक्षावाला जुनं बोलेल. या बेटांवर जायला आपल्याला वेगळा परवाना लागत नाही. आधार कार्ड मात्र सारखं दाखवावं लागतं, म्हणून प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स घ्या.

आता बोटी. सगळी सहल यांच्यावरच उभी आहे, तेव्हा खोल्यांच्या आधी बोटी. सरकारी बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात, खासगी बहुधा हॅडोवरून. दोन्ही जागा वेगळ्या आहेत. रिक्षात बसण्याआधी तिकिटावर कोणती लिहिली आहे ते वाचा. सरकारी बोटीचं भाडं खासगीपेक्षा बरंच कमी असतं. हॅवलॉकला तिला दोन-अडीच तास लागतात, खासगीला दीड-दोन. फरक एवढाच असता तर प्रश्नच नव्हता. अडचण अशी की सरकारी तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात, जागा मोजक्या असतात आणि बेटावरच्या लोकांनाही त्याच बोटीने जायचं असतं. दवाखाना, शाळा, बाजार, सगळं त्यांचं तिच्यावर. त्यामुळे पहिल्या टप्प्याचं, म्हणजे हॅवलॉकला जायचं तिकीट मी इथूनच खासगी बोटीचं काढून ठेवते. पुढच्या दोन टप्प्यांना सरकारीसाठी प्रयत्न करा: आधी ऑनलाइन, नाहीतर जेटीवरच्या खिडकीवर सकाळी लवकर. मिळालं नाही तर खासगी, त्यात जीव अडकवू नका.

खासगी बोटी बहुतेक सगळ्या बंदिस्त, एसीच्या. खिडकी उघडत नाही, डिझेलचा वास कोंडतो आणि लाटेवर पोटात ढवळतं. सरकारी बोटीत निदान डेकवर उभं राहता येतं. आई, तुला घाटात लागतं तसंच इथेही लागणार, म्हणून गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. कोणती गोळी ते मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण नेहमीच्या प्रवासाच्या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यातल्या काही चालत नाहीत. हे बाबांसाठीही आहे. जागा मधल्या भागात घ्या, तिथे हेलकावा कमी. मोबाइल बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा. पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. दोन बिस्किटं पुरेत.

चढा-उतरायचं तंत्र जपा. जेटी आणि बोट यांच्यामध्ये फळी असते आणि बोट वरखाली होत असते. दोन्ही हात मोकळे हवेत, सॅक पाठीवर. पण फळीवर पाय ठेवण्याआधी कमरेचा पट्टा सोडायचा. चुकून तोल जाऊन पाण्यात पडलं तर सॅक झटकून टाकता आली पाहिजे. पट्टा बांधलेला असला तर तीच खाली ओढते. खलाशी हात देतो तो घ्या. "मला येतंय" म्हणू नका, बाबा.

सॅक 40 लीटरची पुरते आणि भरून सहा किलोच्या वर जाता कामा नये. घरी वजनकाट्यावर घालून बघा. जड वस्तू, म्हणजे औषधांचा डबा, चार्जर, पाण्याची बाटली, पाठीला लागून मध्यावर ठेवायच्या. तळाशी किंवा बाहेरच्या खिशात ठेवल्या तर सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालतो. आधी कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट करायचा, मग खांद्याचे. ओझं कमरेवर आलं पाहिजे, खांद्यावर नुसता तोल. सगळं आत एका मोठ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड पिळून दुमडा. सॅकचं वरचं आवरण पावसाला ठीक, खाली साचलेल्या पाण्याला त्याचा उपयोग नाही. जाड सुती कपडे नकोत, तिथल्या दमट हवेत ते दोन दिवस वाळत नाहीत. प्रत्येकी तीन जोड, चटकन वाळणारे. आई, पाचवारी एकच घे, सेल्युलर जेल बघायच्या दिवसासाठी. आणि लाडू-चिवड्याचे डबे नकोत, तिथे भात मिळतो!

खरोखरच मिळतो. हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची वस्ती आहे, त्यामुळे बाजारातल्या साध्या खानावळीत भात, डाळ, भाजी आणि मासा असं ताट असतं. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये त्याच माशाचे कितीतरी जास्त पैसे घेतात. काही माल मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, त्यामुळे बोटी थांबल्या की दुकानातलं सगळं महागतं.

पोर्ट ब्लेअरला खोली अबर्डीन बाजाराच्या आसपास घ्या. सेल्युलर जेल चालत, फार तर रिक्षाने. बसस्टँडही तिथेच मोहनपुराला आहे, म्हणजे वंडूर किंवा चिडियाटापूच्या किनाऱ्यावर जायला टॅक्सी नको. जेलला सकाळी जा. बांधकाम 1906 ला पूर्ण झालं तेव्हा सात शाखा होत्या, आता तीन उरल्यात. बाकीच्या आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. ते रुग्णालय लक्षात ठेवा, काही मोठं दुखणं निघालं तर गाठायचं ठिकाण तेच. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे आणि जिने चढूनच जावं लागतं, तेव्हा आई, मध्ये थांबत थांबत जा. रत्नागिरीत रोज पतितपावन मंदिरावरून जाणाऱ्यांना 1911 ते 1921 ही त्यांच्या कैदेची दहा वर्षं तिथे उभं राहिल्यावर वेगळीच कळतात. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा आणि अंगभर कपडे घालून बसा, डास फार.

हॅवलॉकला किनाऱ्यांना आकड्यांनीच ओळखतात. खोली तीन किंवा पाच नंबरच्या बाजूला, बाजारापासून चालत जाता येईल अशी घ्या. राधानगर, म्हणजे सात नंबर, बेटाच्या पलीकडच्या अंगाला. जेटीवरून बस जाते. फेऱ्या थोड्या, म्हणून परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. नाहीतर रिक्षावाला म्हणेल तो आकडा. स्कूटर भाड्याने मिळते, पण त्या रस्त्याला चढउतार आणि वळणं आहेत, शिवाय अंधार लवकर पडतो. घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला. फेब्रुवारीत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, सहा-सव्वासहाला काळोख. दिवस पहाटे सुरू करा, दुपारी झोपा आणि परतीचा विचार साडेचारपासून.

भरती-ओहोटी मी तुम्हांला काय शिकवणार! पण बाबा, भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणायचा तुमचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे. तिथे तो आकडा जुळत नाही. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर बघून वहीत उतरवून घ्या. रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकतं ते मात्र तिथेही तसंच. पाच नंबरला ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायला उरतच नाही, उघडी पडतात ती प्रवाळं. त्यांच्यावर चालू नका. प्रवाळ जिवंत असतं, शिवाय त्याने कापलेली जखम चिघळते. कापलंच तर गोड्या पाण्याने आणि साबणाने खसखसून धुवा. आत बारीक कण राहिले की पू होतो. राधानगरला वाळूच आहे, तिथे उतरा, पण टोकाच्या खाजणाकडे जाऊ नका. 2010 मध्ये तिथे मगरीने माणूस नेला होता. खारफुटी दिसली आणि पाटी दिसली की मागे फिरा.

उलट, नीलच्या लक्ष्मणपूर दोनला ओहोटीच हवी. खडकाची जी नैसर्गिक कमान आहे, हावडा ब्रिज म्हणतात तिला, तिच्यापर्यंत भरतीत पोचताच येत नाही. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटीला पाणी जास्त मागे जातं, तेव्हा जमलं तर नीलचे दोन दिवस त्या बेताने ठेवा. वाट शेवाळी दगडांची आहे. मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाला, चपला नको. नील लहान आणि बराचसा सपाट, भाड्याची सायकलही चालते. पहाटे सीतापूर, संध्याकाळी लक्ष्मणपूर एक.

पाण्याखालचं बघायचं तर हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला बोटीने जा आणि लाइफ जॅकेट घालून, तिथल्या माणसाचा हात धरून स्नॉर्केल करा, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत खाली बघा. मास्क डोळ्यांवर आणि नाकावर ठेवून, पट्टा न लावता, नाकाने श्वास आत ओढायचा. मास्क चिकटून राहिला तर मापाचा. बाबा, तुमच्या मिशीतून पाणी आत येणार. वरच्या ओठावर व्हॅसलिनचा जाड थर द्या. कवळी काढून ठेवा, नळी दातांत धरताना ती सुटते. आईला पाण्यात जायचं नसेल तर नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट आहे. मासे तिच्यातूनही दिसतात. ब्लडप्रेशरची गोळी चालू असताना स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून खोल बुडी, नको, कोणी कितीही गोड बोललं तरी.

सँडफ्लाय म्हणून वाळूतली बारीक माशी आहे. दिसत नाही, चावतानाही कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायभर पुरळ उठतं. सकाळ-संध्याकाळ वाळूवर सरळ बसू नका, पायाला खोबरेल तेल चोपडा आणि खाजवू नका.

बाराटांगला जाऊ नका असं मी म्हणेन. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या जिरकाटांगहून ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटोला बंदी. तरीही निम्मी गाडी काचेला नाक लावून माणसं शोधत असते. चुनखडीच्या गुहा पाहिल्या नाहीत म्हणून काही बिघडत नाही.

पैशांचा अंदाज: खोलीला दिवसाला 1500, दोघांच्या जेवणाला 900, फिरण्याला 500 धरा. बोटींसाठी 10000 वेगळे. सरकारी तिकिटं मिळाली तर त्यातले बरेच उरतील. स्नॉर्केल, प्रवेश तिकिटं, औषधं मिळून 5000. सगळं धरून विमान सोडून चाळीस हजारांच्या आत बसतं. त्यातले पंधरा हजार रोख न्या, दोघांकडे वाटून. हॅवलॉक-नीलवर एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेलं की मोबाइलचे पैसे मोबाइलमध्येच राहतात.

रोजच्या गोळ्या बारा दिवसांच्या घ्या आणि दोन भाग करून दोन्ही सॅकमध्ये ठेवा. बाकी फोनवर.

तुमची,
मनू

ता. क. आई, तुझ्या आधारवर माहेरचं नाव आहे आणि बँकेत सासरचं. विमानाचं तिकीट आधारप्रमाणेच काढते आहे, तेव्हा तिथे दुसरं कोणतंही ओळखपत्र पुढे करू नकोस. आणि शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलून आणू नका. विमानतळावर सामान तपासतात आणि वन्यजीव कायद्यात ते गुन्हा ठरू शकतं. हौस असेल तर दुकानातून घ्या आणि पावती जपा.