जांगडचा माल

अमळनेर
८ मार्च

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हे बोलणं तीनदा सुरू झालं. दोनदा माझ्याकडे गिऱ्हाईक आलं, एकदा तुझी मीटिंग आली. म्हणून आज दुपारी शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. बाहेर मार्चातच उन्हाने रस्ता पांढरा झालाय, चारपर्यंत कुणी फिरकायचं नाही.

दिवाळीत तू शिडीच्या घोड्यावर चढून, आईची शिवणाची टेप घेऊन आपल्या पुस्तकांच्या दुकानातल्या वरच्या मांडणीचं माप घेतलंस आणि मग तो एक्सेलचा तक्ता पाठवलास. कुठल्या कप्प्यातून वर्षाला किती रुपये येतात, कप्प्यागणिक. सर्वांत वरच्या अकरा फुटांपुढे तू लाल रंग भरलास आणि लिहिलंस : ‘डेड स्टॉक. रद्दीत द्या, इथे वह्या ठेवा.’

तक्ता खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. आपलं घर जूनमधल्या वह्या-पाठ्यपुस्तकांवर, एमपीएससीच्या गाईडांवर, श्रावणातल्या पोथ्यांवर आणि थोडं दिवाळी अंकांवर चालतं. कथा-कादंबऱ्या घ्यायला येणारी पोरं आता पुस्तक हातात घेतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि ‘येतो काका’ म्हणून जातात. मोबाइलवर ते पुस्तक कधीकधी माझ्या खरेदीपेक्षाही स्वस्त मिळतं. मी त्यांच्यावर चिडत नाही. चिडलो तर गाईड घ्यायलाही यायचे नाहीत.

पण डेड स्टॉक म्हणायला आधी तो स्टॉक आपला असावा लागतो, ताई. त्या अकरा फुटांतलं एकही पुस्तक आपलं नाही. तो जांगडचा माल आहे. सराफाकडून चार बांगड्या घरी दाखवायला नेतात, पसंत पडली तर पैसे, नाहीतर माल परत, तीच जांगड. नानांनी दुकान काढलं तेव्हापासून गावोगावचे लेखक आपल्याकडे दहा-दहा प्रती ठेवून जायचे. विकली गेली तर छापील किमतीतले पंचवीस टक्के आपले, बाकीचे त्यांचे. नाही गेली तर प्रती त्यांच्या. नानांची लाल कापडी पाठीची वही आहे, तू लहानपणी तिच्या मागच्या पानांवर हत्ती काढायचीस, ती. तारीख, पुस्तकाचं नाव, प्रती, किंमत, सही. तुझा तक्ता आल्यावर मी ती काढली. मिटवायच्या राहिलेल्या ३७ नोंदी निघाल्या, प्रती २१४. सर्वांत जुनी १९८८ ची.

आता तुला वाटेल, आप्पा बहिणाबाईंचं उदाहरण देणार. इथून तीस-पस्तीस मैलांवर आसोद्याची ती बाई, लिहिता-वाचता न येणारी, घरोटा फिरवताना गाणी म्हणायची. तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने ती उतरवून ठेवली, अत्र्यांच्या कानावर पडली आणि ती गेल्यावर वर्षभराने, १९५२ साली, छापून आली. तेव्हा म्हणे वरच्या कप्प्यातही कुणी असेल! नाही. मी ते सगळं वाचलंय. एकेक दुपार करून, तीस-पस्तीस वर्षांत. तसं काही तिथे नाही. ‘आई’ या विषयावर ४३ कविता आहेत, ‘पाऊस’ वर त्याहून जास्त, आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मचरित्र आहे, त्यात त्यांची प्रत्येक बदली तारीखवार दिलीय. मी बिलकुल भावुक झालेलो नाही. माल दुसऱ्याचा आहे, एवढंच.

ही पुस्तकं येतात कशी, ते तू पाहिलं नाहीस. माणूस रिटायर होतो, फंडाचे पैसे येतात. कुणीतरी प्रकाशक गाठ पडतो, तो म्हणतो एवढे हजार द्या, पाचशे प्रती छापू. प्रती खोक्यांतून थेट लेखकाच्या घरी उतरतात आणि प्रकाशकाचं काम संपतं. मग समारंभ. शाल, श्रीफळ, पोहे. एकच नारळ तीन सत्कारांत फिरलेला मी स्वतः पाहिलाय. साठ माणसं पोहे खातात, त्यातली तीन पुस्तक घेतात, तीही व्याही मंडळी. उरलेली खोकी पलंगाखाली जातात आणि दहा प्रती कापडी पिशवीत घालून माणूस माझ्याकडे येतो. येताना इस्त्रीचा सदरा घालून येतो बरं का. मग पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी सहज जाता जाता डोकावतो. ‘सहज आलो होतो.’ डोळे मात्र कप्प्याकडे.

२०२४ च्या फेब्रुवारीत प्रताप महाविद्यालयावर साहित्य संमेलन झालं तेव्हा तू तिन्ही दिवस आपल्या स्टॉलवर होतीस. त्याआधी गावात संमेलन झालं होतं ते १९५२ साली, नाना तेव्हा शाळकरी स्वयंसेवक, मांडवात पाणी वाटायचे. बहात्तर वर्षांनी पुन्हा योग आला म्हणून मी हौसेने दुप्पट माल मागवून बसलो आणि निम्मा परत पाठवला, ती माझी चूक. पण तुला ते निळ्या सदऱ्यातले गृहस्थ आठवतात? नामवंतांच्या गठ्ठ्यावर आपलं पुस्तक हळूच ठेवून पुढे जायचे. तू उचलून खाली ठेवायचीस, अर्ध्या तासाने ते परत वर. तू चिडलीस आणि मी हसलो. वहीतली २९ वी नोंद त्यांची आहे.

तर जानेवारीपासून फोन करायला घेतले. वहीतले जुने नंबर पाच आकडी, ते कुठे लागणार. मग शाळेत विचार, पोस्टमनला विचार, एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचार. १९ जणांचा पत्ता लागला.

पहिला फोन लागला तो एका मास्तरांना. वय शहाऐंशी. नाव सांगितलं, दुकान सांगितलं, तर पलीकडून अहिराणीत, आपल्या खानदेशी बोलीत, सरळ प्रश्न : ‘मन्हं पुस्तक इकायनं का?’ एकोणीस वर्षांनी! दोन प्रती गेल्या होत्या. मी म्हटलं उरलेल्या आठ पाठवून देतो. तर म्हणे, ‘घरमा ठेवाले जागा नही शे, सून वरडस. तठेच राहू द्या.’ मी जरा खपाचं बोललो. त्यावर मास्तरांनी मला फैलावर घेतलं. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढायचे, त्याचा खप किती होता ते सांग म्हणाले. मी काय सांगणार. त्यांच्या आठ प्रती आहेत तिथेच आहेत. वहीत शेरा मारला : ‘मालकाच्या इच्छेनुसार.’

दुसऱ्या एका गृहस्थाने आवाज एकदम खाली आणला. तरुणपणी प्रेमकविता छापल्या होत्या, आता मोठे ठेकेदार आहेत, नाव लिहीत नाही. म्हणाले, ‘शेठ, ते अजून आहे? कुणाला सांगू नका.’ त्याच रात्री साडेनऊला पांढरी गाडी दुकानासमोर उभी राहिली, दहाच्या दहा प्रती सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घातल्या आणि गेले. पोचपावतीवर सही करताना मात्र एक प्रत बाहेर काढून उभ्या उभ्या चार-पाच पानं वाचली त्यांनी. मी बिलबुक चाळत राहिलो.

आणि पारोळ्याहून एक बाई आल्या. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर होते, सात वर्षांपूर्वी गेले. कवितासंग्रह चाळीस रुपयांचा, दहापैकी दोन विकलेल्या. मी घोड्यावर चढून आठ प्रती काढल्या, वरच्या तिघींना कसर लागली होती, कडा चाळणीसारख्या. मला शरम वाटली, दुसऱ्याचा माल आपण असा ठेवावा! मी डांबरगोळ्या वगैरे सांगायला लागलो, त्यांचं लक्षच नव्हतं. पुस्तक त्यांनी मुखपृष्ठाकडून पाहिलंच नाही. पालथं केलं, पदराने मागचं पान पुसलं. तिथे कवीचा फोटो होता, गणवेशाशिवाय, केस नीट विंचरलेले. ‘हा फोटो पाहिजे होता,’ म्हणाल्या. ‘घरच्या सगळ्या प्रती यांनी वाटून टाकल्या. एकही उरली नाही.’ मग साठ रुपये मी त्यांच्या हातावर ठेवले, दोन प्रतींचे, तीस-तीस. त्यांनी ते मोजले, पुन्हा मोजले आणि विचारलं, ‘घेणारे कोण होते?’

वहीत त्याचा रकाना नाही. मी म्हटलं, शाळेतली मुलं असतील. खोटं बोललो. आठवत नव्हतं.

धंद्याचंही सांगतो, नाहीतर म्हणशील आप्पांनी दुकानाची धर्मशाळा केली. मांडणी रिकामी करताना अहिराणीतल्या पाच पुस्तिका हाती लागल्या, गाणी आणि म्हणी, किंमत पंधरा रुपये. अहिराणीवर काम करणारी एक मुलगी धुळ्याहून आली होती, तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन आलेली, तिला हव्या त्या त्यातल्या दोन इतर कुठेच मिळाल्या नव्हत्या. पाचही घेतल्या. मी छापील किमतीलाच दिल्या, पंच्याहत्तर रुपये. तू असतीस तर पाचशेला विकल्या असत्यास, आणि तेही चूक नव्हतं. पण जांगडीत किंमत वाढवायचा अधिकार मालकाचा.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून ज्यांचा पत्ता लागला त्यांना संध्याकाळी दुकानातच बोलावलं. मंडपवाल्याच्या चौदा खुर्च्या. अट अशी घातली की अध्यक्ष नाही, शाल नाही, नारळ नाही, प्रत्येकाने आपल्या पुस्तकातलं एकच पान वाचायचं आणि उरलेल्या प्रती सही करून घेऊन जायच्या. अकरा जण आले. पहिल्याच गृहस्थांनी पान वाचण्याआधी मनोगत सुरू केलं ते वीस मिनिटं. मुख्याध्यापकांनी १९७९ ची बदली वाचली आणि खरं सांगतो, ती चांगली होती : नवापूरला रुजू व्हायला गेले तर शाळेची किल्ली ज्याच्याकडे तो शिपाई लग्नाला गेलेला, दोन दिवस यांनी पोरांना झाडाखाली शिकवलं. मी ते पान पूर्वी वाचलं होतं, पण लक्षात राहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडून ऐकताना हसू आलं. मध्येच लाइट गेली, कुणीतरी मोबाइलचा उजेड धरला. मागे, रस्त्याच्या कडेला ती पांढरी गाडी उभी होती. ठेकेदार आत आले नाहीत, वाचलंही नाही, पण शेवटपर्यंत होते. त्या संध्याकाळची विक्री : एक तलाठी भरतीचं गाईड आणि दोन निळी पेनं.

तर आता हिशेब असा. अकरा फुटांतले सहा फूट मोकळे झाले, तिथे तुझ्या तक्त्याप्रमाणे वह्या लावल्यात. म्हणजे लाल रंग निम्म्यावर आला असं धर. १८ जणांचा पत्ता अजून नाही. त्यांच्या प्रती डांबरगोळ्या घालून वेगळ्या खोक्यांत बांधल्या, सुतळीत नावाची चिठ्ठी अडकवलीय. आणि हे वाचून तू कपाळाला हात लावशील, परवा चोपड्याकडचा एक शेतकरी आला, केळीवाला, पन्नाशीचा, इस्त्रीचा सदरा. दहा प्रती. मी घेतल्या. पण वहीत आता एक रकाना वाढवलाय : मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर. त्याने मुलीचा दिला आणि म्हणाला, ‘तिला माहीत नाही मी लिहितो ते.’ मी म्हटलं, नंबर तर द्या.

आता तुझं काम. सापडलेल्यांपैकी एक लेखक हल्ली पुण्यात मुलाकडे असतात, कोथरूडला. त्यांच्या नऊ प्रती द्यायच्या आहेत. पूर्वी मी रजिस्टर्ड बुकपोस्टाने पाठवल्या असत्या, ते २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं. कुरिअरवाला सांगतो तो आकडा नऊ प्रतींच्या किमतीहून जास्त आहे. शनिवारी तुझा मामेभाऊ येतोय, त्याच्याकडे गठ्ठा देतोय. सोबत आईने कळण्याचं पीठ आणि बिबड्या दिल्यात, बिबड्यांवर पुस्तकं ठेवू नकोस, चुरा होईल. पत्ता गठ्ठ्यावर लिहिलाय. एक प्रत विकली गेली होती, तिचे पंचेचाळीस रुपये पाकिटात आहेत. गृहस्थांना कमी ऐकू येतं, बेल दोनदा वाजव. पोचपावतीची दोन पानं आहेत, एकावर त्यांची सही घेऊन मला परत पाठव.

तुझे
आप्पा