चाकावरचे चार चावे

पुणे,
9 नोव्हेंबर

प्रिय सुन्या,

मे महिन्यानंतरचं हे पहिलं पत्र. तुझी दोन येऊन पडलीत, त्यातल्या एकावर चहाच्या कपाचा गोल उमटलाय. आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग पुढं वाच. प्रकृती ठीक. शुगर होती तिथंच आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला पंख्यावरची धूळ दिसते आणि सुमनचा जीव जातो. झालं, घरची खबर संपली.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला म्हणाला असतास, "पण स्क्रू ड्रायव्हर तुझ्याच हातात होता!" आणि मूळ गोष्ट राहून गेली असती. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, एवढाच पत्राचा फायदा.

तर गाडी. तू जिला "चाकं बघून घेतलेली गाडी" म्हणतोस तीच. हो, चाकं बघूनच घेतली. 16 इंची अलॉय, डायमंड कट (म्हणजे वरचा थर लेथवर कापून चमकवलेली), काळ्यावर चांदीच्या कळ्या. जन्मभर लोखंडी रिमवर प्लॅस्टिकची झाकणं लावून फिरलो, पन्नाशीच्या तोंडावर एक हौस केली. तू नाही का टक्कल पडल्यावर दोन हजारांचा कंगवा घेतलास!

गेल्या महिन्यात 50 हजार किलोमीटरची सर्व्हिस आली. पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले होते, ते नवे टाकायला सांगितले. शिवाय अलाइनमेंट, बॅलन्सिंग. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर बरं का, काचेच्या खोलीत बसवून कॉफी देणारं. संध्याकाळी पावसातच गाडी मिळाली. धुतलेली, टायरला काळं पॉलिश, अंगावर पाणी. बिल भरलं, 9 किलोमीटर चालवत घरी आणली. सकाळी सुमन रांगोळी घालायला खाली गेली आणि वर आली ती म्हणाली, "तुझ्या चाकांना कुणीतरी चावलंय."

खोटं नव्हतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या कडेला टवके उडालेले. चारही चाकांच्या नटांच्या भोकांभोवती गोल गोल चरे, कुणी कर्कटकानं काढल्यासारखे. मी पार्किंगमध्ये उकिडवा बसलो तो उठेचना. वॉचमनला वाटलं चक्कर आली.

फोन केला. सर्व्हिस ॲडव्हायझर, गोड मुलगा, म्हणाला, "सर, फुटपाथला घासलं असेल." मी म्हटलं, बाळा, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामाच्या गॅरेजात, तीन मे महिने घालवलेत. (कौतुक करून घ्यायची एकही संधी मी सोडत नाही, माहीत आहे ना तुला!) फुटपाथला चाक घासलं की लांबलचक कमान उमटते, आणि आपल्याकडं ती बहुतेक डाव्या बाजूला. इथं डाव्या-उजव्या दोन्ही चाकांवर बरोबर चार-चार टवके, घड्याळात बारा, तीन, सहा, नऊ वाजतात तिथं. असा हिशेबी फुटपाथ पुण्यात अजून बांधलेला नाही. टायर उतरवायच्या मशीनला चार जबडे असतात, ते रिमला धरतात. अलॉय असलं की जबड्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या बसवतात, मग धातूला धातू लागत नाही. टोप्या नसल्या की हे असं होतं. नटांचंही तेच. एअर गनला वर आवरण असलेलं सॉकेट लावायचं असतं. नुसतं लोखंडी लावून घुर्रकन फिरवलं की भोकाची कड सोलून निघते. वर नट इतके आवळलेले की मी आणि जावई दोघं पान्यावर उभे राहिलो तरी एक हलेना. नट किती जोरानं आवळायचे ते पुस्तकात लिहिलंय, 110 न्यूटन मीटर. यांनी गनवरच सगळं उरकलं, जोर मोजून आवळायचा टॉर्क पाना कुणी काढलाच नसावा. रस्त्यात पंक्चर झालं असतं तर मी तिथंच संसार मांडला असता.

पुरावा मात्र त्यांनीच दिला. सकाळी गाडी न्यायला आलेल्या ड्रायव्हरनं भोवती फिरून व्हिडिओ काढला होता आणि त्यांच्याच नंबरवरून मला व्हॉट्सॲपवर आला होता. "आधीचे ओरखडे नंतर आमच्या माथी नकोत" म्हणून ते काढतात. त्यात चारही चाकं लख्ख. जॉब कार्डावर गाडीचं चित्र असतं, त्यावर फक्त मागच्या बंपरला एक फुली. तो व्हिडिओ मी काउंटरवर लावला तेव्हा गोड मुलगा गोडच राहिला, पण मॅनेजरला बोलावून आला.

मग सुरू झाली घासाघीस. आधी म्हणाले, पॉलिश मारून देतो. मी नाना पेठेत एका रिपेअरवाल्याला दाखवून आलो होतो. तो म्हणाला, साधं रंगवलेलं अलॉय असतं तर भरून, घासून, रंगवून दिलं असतं, कळलं नसतं. डायमंड कटला ते चालत नाही. त्याला लेथवर चढवून वरचा पापुद्रा कापून काढायचा आणि पुन्हा लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, मारायचं. धातूच कमी होतो, म्हणून हे सारखं सारखं करता येत नाही. आणि असंच सोडलं तर टवक्यातून पाणी लॅकरखाली शिरतं आणि पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा सरपटत जातात. दोन पावसाळ्यांत चाक कोडासारखं दिसतं. हे ऐकल्यावर मला रात्री जेवण गेलं नाही. हस.

मग म्हणाले, इन्शुरन्समधून करून घ्या, आम्ही क्लेम बसवतो. म्हणजे मी लिहून द्यायचं की गाडी कुठंतरी आदळली. खोटं मी बोलायचं आणि पाच वर्षं एकही क्लेम न करता जमवलेला 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनसही माझाच जायचा! मी म्हटलं, वा, म्हणजे बायको तुमची आणि मंगळसूत्र मी करायचं. मॅनेजर हसला नाही. सुमनही हसली नाही, घरी येऊन बोलली ते वेगळंच.

मधे आमचे भाऊजी. तुला आठवतात ना, तुझ्या लग्नात भटजींना मंत्राचा अर्थ विचारत बसलेले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाची तरी केस हवीच असते. 1872 चा करार कायदा काढून बसले. आपली वस्तू कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली की त्यानं ती शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल तशी जपायची, कलम 151. मग ग्राहक कायदा, 2019 चा. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 या हेल्पलाइनवर तर त्यांनी माझ्याच फोनवरून माझ्यासमोर तक्रार नोंदवली आणि तक्रारदाराच्या जागी चुकून स्वतःचं नाव सांगितलं. ते दुरुस्त करण्यात एक दिवस गेला. पण मानायला पाहिजे, तक्रार नोंदवल्यावर मॅनेजरचा आवाज उतरला. मलाच फोन आला, "सर, पुढची दोन चाकं नवी देऊ, मागच्या दोघांचं रिपेअर आमच्याकडून." एका चाकाचे 12,500. जिंकलो ना?

सुन्या, इथपर्यंत सांगायला तू लागत नाहीस. इथपर्यंतचं मी लिफ्टमधल्या लोकांनाही सांगितलंय, जबड्यांच्या साभिनय नकलेसकट.

चाकांची मापं आणि कागद द्यायला गेलो तेव्हा मॅनेजर मला खूश करायला म्हणाला, "काळजी करू नका सर, ज्यानं केलंय त्याच्या पगारातून कापतोय. महिन्याला थोडं थोडं." आणि काचेतून बोट दाखवलं. एकोणीस-वीस वर्षांचं पोर. हातात चिंधी, आमच्याकडंच बघत होतं.

मी बाहेर पडलो तर ते पार्किंगमध्ये माझ्या गाडीशी उभं. म्हणालं, "काका, मीच केलं. पण जबड्याच्या टोप्या दोन महिन्यांपूर्वी तुटल्यात. स्टोअरला तीनदा सांगितलं. आणून देत नाहीत आणि दिवसाला गाड्या मात्र तेवढ्याच काढायच्या." आयटीआय करून लातूरकडून आलंय, तिघांत एक खोली. कापायचे किती ते विचारलं तर नीट सांगेना. बोलताना चिंधीनं माझंच चाक पुसत होतं, टवका पुसून जाईल असं.

आणि मला एकदम तो तेलाचा पिंप दिसला, सुन्या. ॲम्बॅसेडरची ती व्हील कॅप. कारखान्याच्या साहेबांची गाडी आणि आपण दोघं दीडशहाणे. कॅप काढायला खास पट्टी होती हे मामानं सांगितलेलं असूनही स्क्रू ड्रायव्हर घातला. चेपल्यावर पिंपात बुडवायची अक्कल तुझी. हो, तुझीच. गेली तीस वर्षं तू "हातात कुणाच्या होता" एवढंच म्हणतोस आणि "पिंपात कुणी टाकली" यावर तुझी वाचा बसते. आपलं रंकाळ्यावर भांडण झालं ते यावरूनच. बाहेर सगळ्यांना सांगितलं तुझ्या मारी बिस्किटांवरून.

गॅरेजातल्या छोट्यानं कॅप चोरली म्हणून त्याला मामानं मारलं तेव्हा आपण दोघं कुठं होतो? मी सांगतो, पंपाशी. तू पाणी हापसत होतास आणि मी हात धूत होतो. हात कोरडे झाले तरी धूत होतो. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मामानं मंगळवारी आपल्याला भजी खायला घातली, "पोरांनो तुम्ही कामाचे" म्हणून. ती मी खाल्ली. तूही खाल्लीस.

सुमनला हे पहिल्यांदा सांगितलं परवा. ती म्हणाली, चाकं घे आणि त्या मुलाला गुपचूप पैसे दे, मिटलं. बायकांना मिटवता येतं. मला ते पटत नाही, कारण मग टोप्या कोण आणणार? काही शे रुपयांच्या असतील. त्या न आणणाऱ्याचं सगळं भागतं, पोराचा पगार मी भरतो आणि पुढच्या गाडीला पुन्हा चार चावे. भाऊजी म्हणतात, तो त्यांचा अंतर्गत प्रश्न, तू आपला माल घे आणि सुट. मग मी मेल लिहिला. चाकं संस्थेच्या खर्चानं, कुठल्याही कामगाराच्या पगारातून नाही, हे लेखी द्या, आणि जबड्यांना टोप्या बसवल्याचा फोटो पाठवा. फोटो लगेच आला, चार नव्याकोऱ्या लाल टोप्या. पगाराबद्दल अक्षर नाही. फोन केला तर "सर, ते आमचं आमचं बघू."

आता गुरुवारी चाकं बसवणार, आणि त्याआधी "माझी काही तक्रार नाही" असा कागद माझ्या सहीसाठी ठेवलाय. सही केली की माझ्या हातातलं सगळं गेलं. नाही केली तर चाकं अडकतात, आणि ते पोर मॅनेजरच्या डोळ्यांवर आणखी येतं, "तूच काकांना चढवलंस" म्हणून. कागदावर मी पगाराचं वाक्य स्वतःच्या हातानं लिहून मग सही करणार आहे. घेतला तर घेतला. नाही घेतला तर चावलेल्या चाकांवर फिरेन आणि भाऊजींना त्यांची केस मिळेल. रोज सकाळी हे ठरतं आणि रात्री फिसकटतं. सुमन म्हणते, मुलीच्या लग्नातही तू एवढा घोळ घातला नव्हतास.

वहिनींना मुख्याध्यापक झाल्याबद्दल अभिनंदन सांग, पेढे उधार. चिन्मयचं दापोलीचं नक्की झालं का? तुझ्या गुडघ्यांचं कळलं. जिने चढू नकोस म्हणणारा मी कोण, पण चढू नकोस. चिपळूणला यायचं ठरवतोय डिसेंबरात, नव्या नाहीतर जुन्या चाकांवर.

एक काम मात्र लगेच कर. पार्किंगमधल्या त्या पोराला मी नाव विचारलं आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. घरी येताना वाटेत छोट्याचं नाव आठवायला गेलो आणि आठवेना. चार दिवस झाले. छोट्या म्हणजे छोट्याच, खरं नाव कधी ऐकलंच नाही की ऐकून गेलं, तेही कळेना. मामा गेल्यावर गॅरेजच्या हजेरीच्या वह्या तू घेऊन गेलास ना? माळ्यावर असतील, चिन्मयला चढव. 94 की 95, उन्हाळ्याची वही. मे महिन्यात ज्याच्या नावापुढं अचानक रेघा थांबल्यात, तो.

तुझा,
पक्या