महालातले वाडे वाचवायचे तर आधी रस्त्याची लेव्हल बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मधेमधे जुन्या नागपूरवर लेख येतात, हेरिटेज वॉकच्या बातम्या येतात, वाड्यांच्या दरवाजांचे मोठे मोठे फोटो येतात, ते सगळं मी आवर्जून वाचते आणि कात्रणंसुद्धा काढून ठेवते. पण त्यात एक गोष्ट कधीच येत नाही म्हणून आज लिहून राहिले. त्या दरवाजाच्या आत आम्ही राहतो. स्वयंपाक करतो, पोरांच्या परीक्षा असतात, म्हातारी माणसं आजारी पडतात, आणि पावसाळा आला की रात्री जागून पाणी उपसतो.

मी लग्न होऊन महालात, म्हणजे नागपूरच्या या जुन्या वस्तीत आले तेव्हापासून इथेच आहे. हे गाव देवगडच्या बख्त बुलंद शाहाने १७०२ साली वसवलं, त्याच्या मुलाने, म्हणजे चांद सुलतानने, शुक्रवारी तलाव बांधला आणि वेशी घातल्या, त्यातलाच जुम्मा दरवाजा म्हणजे आजचा गांधी गेट. मग रघुजी राजे भोसले आले आणि नागपूर त्यांची राजधानी झालं. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीकामाचा मोठा राजवाडा १८६४ साली जळाला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा राहिला. म्हणजे बघा, राजवाडा गेला त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली, तरी महाल हा महालच राहिला, कारण आजूबाजूचे वाडे, पेठा, देवळं आणि त्यातली माणसं जागची हलली नाहीत.

आणि काय काय आहे इथे हे बाहेरच्याला एका फेरीत नाही कळत. चितारओळीत गणपतीच्या आधीचा महिना एकदा येऊन बघा. रस्त्याच्या दोन्ही बाजूला ओल्या मातीच्या मूर्ती, वर ताडपत्री, खाली बल्ब लावून कारागीर रात्र रात्र बसलेले. मी मुद्दाम डोळ्यांच्या आखणीच्या वेळी जाऊन उभी राहते. ते काम घरातला सगळ्यात जुना माणूस करतो, बाकी रंग पोरं देतात, पण डोळ्याला हात तोच लावतो, श्वास रोखून एका दमात पापणीची रेघ ओढतो आणि मग ब्रश बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बघत बसतो. आता मेट्रोचं स्टेशन झालंय चितारओळी चौकाचं, डिसेंबर २०२२ पासून त्या मार्गावर गाड्या धावतात, तर गर्दी वाढली, चांगलंच आहे, लोकांनी यावं, मातीचीच मूर्ती न्यावी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडा पीडा गावाबाहेर घालवायला मिरवत नेतात तो बाईच्या रूपातला मोठा पुतळा. पिवळी मारबत १८८५ पासून आणि काळी त्याच्याही आधी १८८१ पासून निघते, दोघींची भेट होते नेहरू पुतळ्याजवळ, आणि सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. बडग्यांवर काय लिहिलेलं असतं ते वाचायला मला फार आवडतं, महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, त्या वर्षी लोकांना जे छळलं ते सगळं. "ईडा पीडा, खासी खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत" हे ओरडताना शेजारच्या ऐंशीच्या आजीसुद्धा ओट्यावर उभ्या राहतात. संध्याकाळी तेच पोट्टे नवे कपडे घालून लाकडी बैल ओढत तान्हा पोळ्याला निघतात. पितृपक्षात सगळीकडे सामसूम असते तेव्हा आमच्याकडे हडपक्या गणपती बसतो. असं वर्षभर काही ना काही चालूच.

तर अशा ठिकाणी राहून राहिलो आम्ही, आणि वर्धा रोडकडचे, बेसा-मनीषनगरकडचे नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न, "काहून गं, अजून महालातच?" मार्च २०२५ मध्ये इथे दंगल झाली, संचारबंदी लागली, सगळ्या देशाच्या टीव्हीवर महालाचं नाव, तेव्हा तर फोनवर फोन, निघून या म्हणून. काळजीने करत होते, कळतं. पण त्या दिवसांत आमच्या गल्लीत कोणाकडे दूध संपलं, कोणाची बीपीची गोळी संपली, ते एकमेकांनी बघितलं, मागच्या दारातून, गच्चीवरून, आणि यात कोण कोणत्या देवाचा हे कोणी विचारलं नाही. हे टीव्हीवर आलं नाही म्हणून इथे लिहिते.

आता मूळ मुद्दा. आमच्या घरासमोर पूर्वी ओट्याला पायऱ्या होत्या. चढून वर यावं लागायचं. मग डांबर झालं, त्यावर परत डांबर, मग खोदकाम, मग परत डांबर, आणि नंतर सिमेंट रोड. दर वेळी जुन्याच्या वर नवा थर. आज पायऱ्या रस्त्याखाली गेल्या, ओटा रस्त्याच्या बरोबरीला आला आणि दाराचा उंबरठा त्याच्याही खाली. दिंडी दरवाजा आता पूर्ण उघडत नाही कारण खालून घासतो, तो सागवानी दरवाजा आम्ही खालून तासून घेतला, तासताना सुताराचा हात अडत होता, म्हणे काकू असं लाकूड आता मिळत नाही. पाऊस जोरात आला की रस्त्यावरचं सगळं पाणी, नालीचं सुद्धा, आधी चौकात आणि मग माजघरात. सासूबाईंच्या लग्नातली भांडी जिथे ठेवलेली तिथपर्यंत. आम्ही दाराशी सिमेंटचा बांध घातला तर म्हाताऱ्या माणसांना तो ओलांडता येत नाही.

आम्ही अर्ज दिले. संबंधित खात्याने सांगितलं रस्ता डिझाइनप्रमाणे झाला आहे. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं तुम्ही घराची लेव्हल उचलून घ्या. अहो, दोन फुटी भिंतींचा, सागवानी खांबांवर उभा असलेला वाडा उचलून कसा घ्यायचा? जमिनीत भर टाकली तर खांबांचे कोरीव पाय गाडले जातात आणि दारं बुटकी होतात. शेजारच्यांनी तेच केलं, आता त्यांच्याकडे आत जाताना वाकून जावं लागतं, आणि शेवटी कंटाळून वाडा बिल्डरला देऊन टाकायचं ठरलंय त्यांचं. मी त्यांना दोष देणार नाही.

कारण पाणी एकदा भिंतीत शिरलं की पुढचं सगळं ओळीने येतं. या भिंती चुन्याच्या. चुना ओल धरतो तशी सोडतोही, भिंतीला श्वास घेता येतो. पण चुन्याचं काम करणारा गवंडी आता शोधून मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून लोक वरून सिमेंटचं प्लास्टर मारून घेतात. सिमेंटने ओल आतच कोंडते, मग क्षार बाहेर येतात, पोपडे निघतात, तुळईची भिंतीतली टोकं कुजतात आणि एखाद्या श्रावणात मधलाच भाग बसतो. मग नोटीस येते, धोकादायक इमारत. आणि वाडा पडला की पेपरात बातमी येते, जुन्या नागपूरची आणखी एक खूण गेली, सगळ्यांना वाईट वाटतं. त्याची सुरुवात दारासमोरच्या रस्त्यापासून झाली हे कोणी लिहीत नाही.

याच भिंतींमुळे मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री असताना, आमच्या मधल्या खोलीत दुपारपर्यंत कूलर लावावा लागत नाही. नव्या फ्लॅटमध्ये राहणारी माझी बहीण सुट्टीत येते ती याच्यासाठीच, असं ती स्वतः म्हणते. कवेलूचं छत, मधला चौक, विहीर, हे सगळं या गावच्या उन्हाचा विचार करून बांधलेलं आहे. शहरात आर्किटेक्चर शिकणारी मुलं येतात, टेप लावून मोजमाप घेतात, चौकात बसून स्केच काढतात, मला फार बरं वाटतं, त्यांना मी कोनाडे, देवळी, सगळं दाखवते.

शहराची हेरिटेज यादी आहे, समिती आहे, हे मला माहीत आहे. पण आमच्यासारख्या साध्या घरांचं तिथे कोण नाव घेणार, आणि खरं सांगायचं तर यादीत नाव असलं की पाणी शिरत नाही असं थोडीच आहे. मला पाटी नको. माझं मागणं एवढंच की महालात, इतवारीत, जुन्या शुक्रवारीत, जिथे जिथे जुनी वस्ती आहे तिथे नवा रस्ता करताना आधीचा थर खरवडून काढावा, खोदावं लागलं तर खोदावं, आणि मगच नवा टाकावा. जुन्या ओट्यांची आणि उंबरठ्यांची उंची आधी मोजून ती टेंडरमध्येच लिहावी. नाल्या रस्त्याच्या खाली असाव्यात. आणि जे लोक स्वतःच्या खर्चाने वाडा दुरुस्त करायला तयार आहेत त्यांच्यासाठी चुन्याचं काम येणाऱ्या गवंड्यांची आणि जुन्या लाकडाचं काम करणाऱ्या सुतारांची एक यादी वॉर्ड ऑफिसात लावावी, आणि तरुण पोरांना ते काम शिकवायची काही सोय करावी. हाताला काम मिळेल पोरांना, आणि आमच्या भिंतीही उभ्या राहतील.

माझा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो परत येऊन इथेच राहायचं म्हणतो, वाड्यातच, त्याला इथलं सगळं आवडतं. त्याची बायको म्हणते राहू, पण पाण्याचं काहीतरी करा. बरोबर बोलते ती. लहान लेकरू घेऊन कोण राहील अशा घरात?

आमच्या मागच्या गल्लीत या उन्हाळ्यात परत सिमेंट रोडचं काम निघणार असं ऐकतो आहोत. काम सुरू व्हायच्या आधी जबाबदार इंजिनीअरने एकदा त्या गल्लीत पायी फिरावं, प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी टेप लावून बघावं आणि आकडे लिहून घ्यावेत. आम्ही घरचे लोक सोबत येऊ, टेपचं दुसरं टोक धरायला. तुमच्या वार्ताहरांनाही त्या दिवशी पाठवा, ही विनंती.

आपली,
एक महालकर वाचक, नागपूर